दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला डॉक्टर आणि त्याचे स्ट्रेचरवाले

गोदाकाठ

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक १८५६ साली सुरू झालं. तेव्हापासून आजपर्यंत ते दोनदा मिळवणारी माणसं फक्त तीन. त्यातला न्यूझीलंडचा चार्ल्स अपहॅम दुसऱ्या महायुद्धातला, पायदळाचा अधिकारी. उरलेले दोघे डॉक्टर: आर्थर मार्टिन-लीक आणि नोएल शॅव्हास. मलमपट्टी करणारे लढवय्यांच्या यादीत एवढे वर कसे, म्हणून वाचायला घेतलं आणि शॅव्हासपाशी अडकलो.

जन्म १८८४, ऑक्सफर्ड. जुळ्या भावांपैकी एक. वडील पुढे लिव्हरपूलचे बिशप झाले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघे भाऊ ४०० मीटर धावले आणि दोघेही पहिल्याच फेरीत गारद झाले. १९१२ ला हा डॉक्टर झाला. लिव्हरपूलच्या रॉयल सदर्न हॉस्पिटलात रॉबर्ट जोन्स या नामांकित हाडवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली. 'लिव्हरपूल स्कॉटिश' ही हौशी सैनिकांची पलटण होती, तिचा डॉक्टर म्हणून १९१३ ला नाव घातलं. वर्षभरात महायुद्ध पेटलं आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये पलटण फ्रान्सला उतरली.

पलटणीच्या डॉक्टरचं काम कागदावर सरळ असतं. आघाडीच्या खंदकांच्या जरा मागे एखाद्या तळघरात किंवा खड्ड्यात मदत-ठाणं मांडायचं. स्ट्रेचरवाले जखमींना तिथे आणतात. रक्त थांबवायचं, जखम बांधायची, मॉर्फिन द्यायचं, चिठ्ठी अडकवून मागे पाठवायचं. डॉक्टरने ठाणं सोडून पुढे जाणं अपेक्षित नाही. शॅव्हास जायचा. जून १९१५ मध्ये बेल्जियममधल्या हूगच्या लढाईत निम्म्याहून जास्त पलटण मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्या वेळच्या कामाबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

पहिला व्हिक्टोरिया क्रॉस ऑगस्ट १९१६ चा, सोमच्या लढाईतल्या गिलेमाँ गावासमोरचा. मानपत्र कोरडं आहे, पण नीट वाचलं तर त्या दोन दिवसांचं वेळापत्रकच हाती लागतं. दिवसभर उघड्यावर, बरेचदा शत्रूच्या नजरेसमोर, जखमींवर उपचार. रात्री जर्मन खंदकांपुढच्या मोकळ्या जमिनीत चार तास शोध. दुसऱ्या दिवशी एका स्ट्रेचरवाल्याला घेऊन अगदी पुढच्या खंदकात, आणि तिथून तातडीच्या एका जखमीला तोफांच्या माऱ्यात ५०० यार्ड वाहून आणणं. या खेपेत ह्याच्या स्वतःच्या कुशीत तोफगोळ्याची कपची घुसली. त्याच रात्री वीस स्वयंसेवक घेऊन पुन्हा बाहेर. जर्मन खंदकापासून अवघ्या २५ यार्डांवरच्या खड्ड्यातून तिघांना काढलं, दोन अधिकाऱ्यांची प्रेतं पुरली आणि मेलेल्यांच्या गळ्यातल्या ओळखीच्या चकत्या गोळा केल्या.

चकत्यांपाशी मी थांबलो. मशीनगन चालू आहे, कुशीत लोखंड आहे, आणि हा माणूस अंधारात चाचपडत मेलेल्यांच्या मानेभोवतीचा दोरा कापतोय. जखमीला उचललं तर जीव वाचतो. चकतीने कुणाचाच वाचत नाही. पण चकती आली नाही तर घरी 'बेपत्ता' अशी तार जाते आणि त्या घरातली बाई पुढची अनेक वर्षं दाराकडे बघत बसते. मला तरी ५०० यार्डांच्या त्या खेपेपेक्षा हे काम अवघड वाटतं.

दुसरा क्रॉस पाशेंडेलच्या लढाईतला. ३१ जुलै १९१७ च्या पहाटे हल्ला सुरू झाला. ईप्र शहराजवळच्या वील्त्ये गावापुढे जर्मनांकडून घेतलेल्या एका भुयारी खोलीत ह्याने ठाणं मांडलं. त्याच दिवशी एका जखमीला नेताना कपची डोक्याला लागली. मागच्या ड्रेसिंग स्टेशनवर पट्टी बांधून घेतली आणि परत ठाण्यावर आला. दुपारपासून पाऊस लागला होता. तोफांनी आधीच नांगरलेली जमीन, त्यात ते पाणी. पुढचे दोन दिवस जवळजवळ अन्नाशिवाय, डोक्याला जखम असताना तो पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन माणसं शोधत राहिला. २ ऑगस्टला गोळा ठाण्यातच पडला आणि पोट फाटलं. त्या अवस्थेत स्वतःला ओढत तो बाहेर पडला. ब्रँडहूकच्या ३२ नंबरच्या शल्यकेंद्रात ऑपरेशन झालं आणि ४ ऑगस्टला तो गेला. वय ३२. लग्न ठरलेलं होतं.

आता हा धागा काढण्याचं कारण. ज्या ४६ व्या फील्ड ॲम्ब्युलन्सने (ही गाडी नव्हे, लष्कराची वैद्यकीय तुकडी) त्याला मागे आणलं तिचा प्रमुख कोण, तर आर्थर मार्टिन-लीक. दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाला पहिला डॉक्टर. इतिहासकारांना हा योगायोग फार आवडतो, सगळीकडे सापडतो. पण ॲम्ब्युलन्सचा प्रमुख स्ट्रेचर उचलत नाही. त्या चिखलातून शॅव्हासला ज्यांनी वाहिलं ते कोण होते? गिलेमाँच्या रात्रीचे ते वीस स्वयंसेवक कोण? मानपत्रात एकाचंही नाव नाही. कोरड्या जमिनीवर स्ट्रेचरला दोन किंवा चार माणसं पुरतात. पाशेंडेलच्या चिखलात सहा-सहा, आठ-आठ लागायची आणि मैलभर जायला तास न् तास. स्ट्रेचर खांद्यावर असताना माणूस आडवा होऊ शकत नाही, धावू शकत नाही, दोन्ही हात अडकलेले.

मला म्हणायचंय ते एवढंच की शॅव्हासचं धैर्य खरं, पण जीव वाचले ते त्याच्या मागे हातांची अख्खी साखळी उभी होती म्हणून. लोकांना काय वाटतं?

खडूस

लेख चांगला आहे पण एक शंका. ज्या डॉक्टरने ठाण्यावर थांबायचं तो बाहेर फिरत होता, तर ठाण्यावर कोण होतं? पलटणीत सात-आठशे माणसं आणि डॉक्टर एक. तो एकाला ५०० यार्ड उचलून आणतोय तेवढ्यात ठाण्यावर चार जण रक्त जाऊन मेले असतील तर त्याचा हिशोब मानपत्रात येत नाही. याला शौर्य म्हणा, पण शहाणपण म्हणवत नाही. आणि तो गेल्यावर पलटणीला नवा डॉक्टर मिळेपर्यंत काय?

बाराबंदी

@खडूस, आयडी सार्थ केलात. :)

निवृत्त_एएमसी

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निवृत्त होऊन बराच काळ झाला. इथे फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

खडूस साहेबांचा प्रश्न बरोबर आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच शिकवतात. तू मेलास तर एक माणूस कमी होत नाही, तुझ्या भरवशावर असलेले सगळे कमी होतात. गोळी लागलेल्याकडे धाव घेणं ही माणसाची उपजत बुद्धी असते, तिला आधी आवर घालायचा. आड घे, त्याला ओरडून विचार, स्वतः सरकता येतं का बघ, स्वतःचा हात जखमेवर दाबायला सांग. मग जा.

पण दुसरी बाजूही आहे. जखमी किती आणि कुठे पडलेत हे ठाण्यावर बसून कळत नाही. ओरडणारा सापडतो, कारण तो ओरडतो. ज्याला खरी गरज आहे तो गप्प असतो. त्याला अंधारात शोधायचं तर जखम ओळखणारा डोळा बाहेर जायला लागतो. याला आधी उचल, तो सकाळपर्यंत थांबेल, त्याच्यासाठी आता काही करता येणार नाही, हा निर्णय स्ट्रेचरवाल्या पोरावर टाकायचा नसतो. त्याला तो आयुष्यभर झोपू देत नाही.

आमच्याकडे साखळी अशी: जवानाचा जोडीदार, मग बीएफएनए म्हणजे पलटणीतलाच प्रथमोपचार शिकवलेला जवान, मग नर्सिंग असिस्टंट, मग आरएपी म्हणजे पलटणीचं मदत-ठाणं, तिथे आरएमओ म्हणजे पलटणीचे डॉक्टर साहेब, मग पुढचं ड्रेसिंग स्टेशन, मग हॉस्पिटल. प्रत्येक जवानाच्या खिशात एक फर्स्ट फील्ड ड्रेसिंग असतं. नियम असा की जखमीला त्याच्याच खिशातलं ड्रेसिंग बांधायचं. तुझं तुझ्यासाठी. नवीन पोरं घाईत स्वतःचं काढून बांधतात, आणि मग त्यांना लागलं की खिसा रिकामा.

डोंगरात स्ट्रेचर खाली आणणं म्हणजे काय ते गोदाकाठ यांनी चिखलाबद्दल लिहिलंय तसंच. वर चढणाऱ्याला विश्रांती मिळते. उतरवणाऱ्याला नाही, कारण स्ट्रेचर टेकवायला सपाट जागाच नसते. सलाईनची बाटली बाहेर ठेवली तर गोठते म्हणून जॅकेटच्या आत छातीशी धरायची.

गलवानचा नायक दीपक सिंह आमच्याच कोअरचा, नर्सिंग असिस्टंट, १६ बिहारबरोबर. मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यातला पोरगा. १५ जून २०२० च्या रात्री स्वतः जखमी असून उपचार करत राहिला आणि तिथेच गेला. तीसपेक्षा जास्त जवानांना त्याने हात लावला असं मानपत्र सांगतं. मरणोत्तर वीरचक्र. पुढे त्याची पत्नी सैन्यात अधिकारी झाली. शॅव्हास मोठा माणूस, पण धागा निघाला तर हे नाव यात असायला हवं.

गोदाकाठ

@निवृत्त_एएमसी, गप्प पडलेल्या जखमीचा मुद्दा कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता. खूप आभार. लिहीत राहा प्लीज.

@खडूस, तुमचा हिशोब मला मान्य आहे, अर्धा. लष्करातही डॉक्टरांनी उगाच पुढे जाऊ नये असंच धोरण होतं. पण गिलेमाँला जर्मन खंदकांपुढे शोधायला तो गेलाय ते दोन्ही वेळा रात्री, असं मला त्या वेळापत्रकावरून दिसतं. ३१ जुलैला मात्र डोक्याला जखम घेऊन परत येणं शहाणपणाचं होतं का, हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही.

डॉ_कोकणस्थ

हाडांचा डॉक्टर म्हणून एक भर घालतो. लेखात रॉबर्ट जोन्सचं नाव आलंय आणि लेखक त्यावरून पुढे निघून गेलेत. तिथेच खरी गंमत आहे.

रॉबर्ट जोन्स हा ह्यू ओवेन थॉमसच्या हाताखाली तयार झालेला. हा थॉमस लिव्हरपूलचा, पिढीजात हाडं बसवणाऱ्यांच्या घराण्यातला. त्याने केलेली लोखंडी सळ्यांची चौकट म्हणजे थॉमस स्प्लिंट. ज्यांच्या घरात कुणाची मांडी मोडली असेल त्यांनी सरकारी दवाखान्यात ती पाहिलीय: वर जांघेशी चामड्याचं कडं, दोन्ही बाजूंनी सळ्या, खाली पाय ताणून बांधलेला. थॉमस हयात असताना तिला कुणी फार विचारलं नाही. महायुद्धात जोन्सने ती आघाडीवर नेली.

मांडीच्या हाडाला गोळी लागली की हाडाची टोकं प्रत्येक धक्क्याला स्नायूत घुसतात. मांडीत लीटर-दीड लीटर रक्त सहज मुरतं, बाहेर थेंब दिसत नाही. युद्धाच्या सुरुवातीला अशा जखमींपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मरायचे, बरेचसे वाटेतच. उचलण्याआधी जागेवर थॉमस स्प्लिंट लावायला लागल्यावर १९१७ पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं. बूट-पँट न काढता, वरूनच लावायची. आणि लावणार कोण? स्ट्रेचरवाले. त्यांच्याकडून डोळे बांधून सराव करून घेत, कारण प्रत्यक्षात काम अंधारातच असायचं.

त्यामुळे गोदाकाठ यांच्या 'हातांची साखळी' या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे, पण त्यात सळ्यांची चौकटही धरा. डोळे बांधून सराव केलेला गवंडी किंवा हमाल त्या काळात जे जीव वाचवत होता ते १९१४ मधल्या उत्तम सर्जनलाही जमले नसते.

पोटाच्या जखमेबद्दल. युद्धाच्या सुरुवातीला पोटात गोळी लागली की ऑपरेशन करायचं नाही, पडून राहू द्यायचं, अशी पद्धत होती. नंतर लक्षात आलं की पहिल्या काही तासांत पोट उघडलं तर काही जण वाचतात. म्हणून शल्यकेंद्रं आघाडीच्या जवळ सरकवली. ब्रँडहूक त्यातलंच, खास पोट, छाती आणि मांडीच्या जखमांसाठी. म्हणजे शॅव्हास त्या वेळच्या सगळ्यात योग्य जागी पोचला होता. पेनिसिलिन अजून दोन दशकं लांब होतं.

सातारी_तर्री

इंग्रज बिशपच्या पोराचं कौतुक वाचलं. चांगला माणूस असेल, वाद नाही. पण त्याच युद्धात आपली माणसं कुठं होती ते पण लिहा की राव.

सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. वरच्या जनरल निक्सननं बगदाद घ्यायचं ठरवलं, डिव्हिजनच्या जनरल टाउनशेंडला पुढं धाडलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला गाठ पडली. साडेचार हजारांच्या घरात माणसं मेली नाहीतर जखमी झाली. जखमींची सोय किती केली होती? खर्च वाचवायचा म्हणून जेमतेम. ॲम्ब्युलन्स गाड्या नाहीत. स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या खटाऱ्यात माणसं टाकली आणि वाळवंटातनं नदीपर्यंत नेली. मांडी मोडलेला माणूस स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यात! वरचा डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर अंगावर काटाच आला. नदीवर पोचल्यावर बोटींना बांधलेल्या उघड्या तराफ्यांवर एकाला एक चिकटून टाकले आणि बसऱ्याला पाठवले. काहींना पोचायला दोन आठवडे लागले.

बसऱ्याला मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर होता. 'मेजिदिया' नावाची बोट येताना त्यानं बघितली. लांबून वाटलं की बोटीच्या कडेनं दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती, वाळून लोंबलेली. जखमींना कडेपर्यंत सरकता येत होतं तेवढंच. त्यानं वर कळवलं तर त्यालाच अटकेची धमकी. पण गडी गप्प बसला नाही. १९१७ ला चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात हे सगळं आहे, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यायला लागला.

त्या तराफ्यांवरचे डॉक्टर, कंपाउंडर, डोलीवाले कमी धाडसी होते काय? तेही दिवसरात्र खपत होते. पण मागं काय नव्हतं. औषध नाही, बोट नाही, सावली नाही. धाडस करून करणार काय?

आमच्या भागात जुन्या चावड्यांवर संगमरवरी पाट्या आहेत. 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले.' आकडा आहे, नावं नाहीत. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना माहितीय, बाकीची गावं कुणाला ठाऊक नाहीत.

मुळामुठा

@सातारी_तर्री, जबरदस्त प्रतिसाद. यावर वेगळा धागा काढाच.

याच मेसोपोटेमियात २१ जानेवारी १९१६ ला ओराहच्या लढाईत कॅप्टन जॉन सिंटन या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही दंडांतून आणि कुशीतून गोळ्या आरपार गेल्या असताना उजेड असेपर्यंत हटला नाही. तो जगला आणि पुढे कसौलीला मलेरियाच्या संशोधनात इतका गढला की रॉयल सोसायटीचा फेलो झाला. ही दोन्ही मानचिन्हं असलेला तो एकमेव माणूस. डासांनी त्याला युद्धापेक्षा जास्त वर्षं गुंतवून ठेवलं.

अवांतर: गोदाकाठ यांचा मार्टिन-लीक हा बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य डॉक्टर होता, कलकत्त्याला. दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाला माणूस आपल्या बीएनआरच्या कर्मचाऱ्यांचे टॉन्सिल तपासत होता. नागपूरकरांनो, कॉलर ताठ करा.

झिरो_माईल

केली! :) नागपूरचा विषय निघालाच आहे तर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते हेही नोंदवतो. सगळे फक्त सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना ओळखतात. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२, तुमच्या शॅव्हासएवढंच.

खडूस

कोटणीस, चोळकर, सिंटन, शॅव्हास. सगळे डॉक्टर. धाग्याच्या नावात 'स्ट्रेचरवाले' लिहून चर्चा पुन्हा साहेबांचीच चालू आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का?

म्हणून एक नाव देतो. विल्यम कोल्टमन. व्यवसायाने माळी, नॉर्थ स्टॅफर्डशायर पलटणीत साधा शिपाई. धार्मिक श्रद्धेमुळे बंदूक चालवायची नाही असं ठरवलं आणि स्ट्रेचर उचललं. अख्ख्या युद्धात एक गोळी झाडली नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये सेकार गावाजवळ पलटण मागे हटली तेव्हा काही जखमी पुढेच राहिल्याचं त्याला कळलं. हा एकटा पुढे गेला, त्यांना पट्ट्या बांधल्या आणि तीन खेपांत पाठीवर टाकून आणलं. व्हिक्टोरिया क्रॉस, डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल दोनदा, मिलिटरी मेडल दोनदा. पहिल्या महायुद्धात अधिकारी नसलेल्यांपैकी सर्वाधिक शौर्यपदकं मिळवणारा ब्रिटिश सैनिक हाच. युद्ध संपल्यावर घरी जाऊन पुन्हा बागकाम. वारला १९७४ ला.

ठाण्यावर थांबायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, त्यामुळे माझा आधीचा आक्षेप इथे लागू होत नाही. शॅव्हासला मात्र लागू राहील.

बाराबंदी

खडूस यांनी कुणाचं तरी कौतुक केलं! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

लिव्हरपूलकर_मावशी

मी इथे लिव्हरपूलला नर्स आहे. धागा पाहून राहवलं नाही. इथे शॅव्हासचं नाव अगदी रोजच्या बोलण्यातलं आहे, कारण शहराच्या मधोमध बाजारपेठेला लागून शॅव्हास पार्क आहे. उन्हाळ्यात पोरं तिथे आइस्क्रीम खात लोळतात.

ॲबरक्रॉम्बी चौकात एक पुतळा आहे, बिशपचं घर होतं त्याच्या समोरच. शॅव्हास एकटा नाही त्यात. एक जखमी आहे आणि त्याला सावरणारा लिव्हरपूल स्कॉटिशचा एक स्ट्रेचरवालाही आहे. खाली लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं आहेत. स्ट्रेचरवाल्याला नाव नाही, पण निदान तो उभा तरी केलाय. शिल्पकाराला तुमचं म्हणणं आधीच कळलं होतं असं म्हणूया, गोदाकाठ.

ब्रँडहूकला मी जाऊन आले आहे. कबरीवरच्या दगडावर नेहमीच्या एका मोठ्या क्रॉसऐवजी दोन छोटे क्रॉस कोरलेत. पण मला आठवण राहिली ती वेगळी. रड आडनावाचा त्याचा सेवक, साधा शिपाई, त्याच लढाईत जखमी होऊन काही दिवसांनी गेला. तोही त्याच स्मशानभूमीत आहे. गाईड लोकांना दोन क्रॉसच्या दगडापाशी थांबवतो आणि बसकडे वळवतो.

आणि नर्सेसना कुणी विचारलंच नाही अजून! ब्रँडहूकला त्याच महिन्यात, २१ ऑगस्ट १९१७ ला, शल्यकेंद्रावर गोळे पडले आणि नेली स्पिंडलर ही नर्स मेली. रात्रपाळी करून झोपली होती. ही केंद्रं आघाडीजवळ आणली म्हणून पोटाचे जखमी वाचले हे डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते खरं, पण जवळ आणली म्हणूनच ती तोफांच्या टप्प्यातही आली.

डॉ_कोकणस्थ

@लिव्हरपूलकर_मावशी, ही बाजू माझ्याकडून राहून गेली. बरोबर आहे तुमचं.

मुळामुठा

साखळीवरून एक शेवटचं. कोरियन युद्धात भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठवली. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. डिसेंबर १९५० मध्ये चिनी फौजा आल्या आणि प्याँगयांग सोडायचा हुकूम सुटला. गाड्या नाहीत. औषधं, ऑपरेशनचं सामान मागे टाकून निघा, असा सोपा मार्ग होता. या लोकांनी एक बेवारस इंजिन आणि काही डबे शोधले. जवानांपैकी काहींना इंजिन चालवायची माहिती होती, त्यांनी बादल्यांनी पाणी भरून वाफ धरली आणि सगळं सामान घेऊन दक्षिणेला निघून आले. पुढे मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर मुनसान-नी इथे रंगराज आणि त्यांचे काही जण हवेतून उतरले आणि खाली पोचताच ऑपरेशनं सुरू केली, ती त्या वाचवलेल्या सामानाच्या जिवावर. रंगराजना महावीरचक्र मिळालं.

बादल्यांनी इंजिनात पाणी भरणं हे कुठल्या पदकाच्या व्याख्येत बसतं ते बघा. तुर्कस्तानच्या भूकंपात २०२३ ला गेलेलं आपलं लष्करी इस्पितळ म्हणजे हीच ६० पॅरा.

सातारी_तर्री

हे माहिती नव्हतं. कडक!

ट्रेकर_भिडू

सगळे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. थोडं विषयाला सोडून विचारतो. आम्ही सह्याद्रीत भटकतो. कुणाला खोल जखम झाली तर निवृत्त_एएमसी काका, पट्टा किंवा दोरी आवळून रक्त थांबवता येतं का? की ते फक्त सिनेमात?

निवृत्त_एएमसी

@ट्रेकर_भिडू, आधी दाब. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार टाकून दाबायचं. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. बहुतेक जखमा एवढ्यावर थांबतात.

हातापायातून रक्त उसळतंच राहिलं तरच वर आवळायचं. दोरी नको, ती कातडीत घुसते आणि काम करत नाही. कमरेचा पट्टाही नुसता पुरेसा घट्ट होत नाही. तीन-चार बोटं रुंद कापडाची पट्टी घ्या, ओढणी चालेल, जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही. गाठीत काडी घालून पिरगळा, रक्त थांबेपर्यंत, आणि काडी बांधून टाका. माणूस कळवळेल. सैल करू नका. मधूनमधून सोडायचं असं जुने लोक सांगतात, ते ऐकू नका. ग्रुपसाठी तयार टूर्निकेट (असाच आवळायचा पट्टा) विकत मिळतं, ते घेऊन सराव केलात तर उत्तम. सराव अंधारात पण करा.

आवळल्याची वेळ पेनाने त्याच्या कपाळावर लिहा. पेन नसेल तर लिपस्टिक, कोळसा, काहीही. खाली डॉक्टरला तुम्ही भेटालच असं नाही, उचलणारे बदलतात, वेळ मात्र त्या माणसाबरोबर जायला हवी. आणि ट्रेकला निघतानाच ठरवून ठेवा, काही झालं तर कोण खाली गावात पळणार आणि स्ट्रेचरला कोण कोण लागणार. सहापेक्षा कमी असाल तर गावातली माणसं बोलवायला लागतील, तिथल्या कुणाचा तरी नंबर आधीच घेऊन ठेवा.